ताई, सही केली म्हणजे सगळं संपलं का?

या वेळी एकाच विषयावरची पत्रं घेतलीयत, कामाचं सांगून केलेलं पॉर्नचं शूट आणि नंतर त्याच व्हिडिओवरून येणाऱ्या धमक्या. खरं तर आणखी बरीच आली होती, पण कित्येक जणींनी "छापू नका, फक्त मला कळवा" असं लिहिलं होतं, त्यांना स्वतंत्र उत्तरं पाठवलीयत. जी छापतेय त्यातले गाव-शिक्षणाचे तपशील बदललेत, त्यामुळे कोणी ओळखीचं वाटलं तरी शोध घेत बसू नका प्लीज.

प्रश्न : ताई, मी २० वर्षांची आहे. मराठवाड्यातून ॲक्टिंगसाठी मुंबईला आले, अंधेरीत पीजीमध्ये चौघी राहतो. आरामनगरला ऑडिशन देत फिरत होते तिथे एक को-ऑर्डिनेटर भेटला. वेब सिरीज आहे, थोडा बोल्ड सीन आहे, बाहेरच्या देशातल्या ॲपवर दिसणार, इंडियात ब्लॉक असतं म्हणाला. शूटला गेले तर स्क्रिप्टच नव्हती. मी नाही म्हटलं तर म्हणाले सही केलीयस, लाइट-कॅमेऱ्याचं भाडं आणि सगळ्यांचं पेमेंट मिळून पाच लाख भर आणि जा. रडले आणि मग केलं. ३० हजार ठरले होते, १२ दिले. आता ती क्लिप टेलिग्रामवर फिरतेय आणि तो दुसऱ्या शूटला बोलावतोय, नाही आलीस तर गावी लिंक पाठवतो म्हणतो. सही मीच केली, कोणी हात धरला नव्हता. माझीच चूक ना? आता काही होऊ शकतं का?

उत्तर : बाळा, आधी एक सांगते, त्या दुसऱ्या शूटला जायचं नाही. "एवढं एकदा कर, मग सगळं डिलीट करतो" असं तो म्हणत असेल तर ते कधीच होत नाही गं, दुसऱ्यांदा गेलीस की त्याच्या हातात एकाच्या दोन क्लिप येतात, बाकी काही बदलत नाही. पैसेही पाठवायचे नाहीत, एक रुपयासुद्धा नाही.

आता तुझ्या सहीबद्दल. अमेरिकेत कॅलिफोर्नियात सॅन डिएगो म्हणून शहर आहे, तिथली एक केस तुला सांगते, कारण तुझं पत्र वाचताना मला सारखी तीच आठवत होती. गर्ल्स डू पॉर्न नावाची साइट होती, न्यूझीलंडहून आलेला मायकेल प्रॅट आणि त्याचा जुना मित्र मॅथ्यू वुल्फ ती चालवायचे. क्रेगलिस्ट नावाच्या छोट्या जाहिरातींच्या साइटवर जाहिरात टाकायची, कपड्यांचं मॉडेलिंग आहे, पैसे चांगले आहेत. येणाऱ्या मुली बहुतेक १८ ते २२-२३ वर्षांच्या, कॉलेजची फी, घरभाडं अशा गरजेपोटी आलेल्या. मग हळूच सांगायचं की काम ॲडल्ट आहे, पण इंटरनेटवर काही येणार नाही, फक्त डीव्हीडी निघणार, ती पण ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडकडच्या खासगी गिऱ्हाइकांसाठी, तुझं नाव कुठेच नाही. मुलीला खात्री वाटेना तर तिला "आधी काम केलेल्या" एखाद्या मुलीशी बोलायला लावायचं, ती सांगणार की हो गं, मी पण केलंय, कुठेच आलं नाही, आणि हे खोटं बोलायचे तिला पैसे मिळायचे. तुला "इंडियात ब्लॉक असतं" सांगितलं ना, ते हेच आहे, फक्त देश उलटा.

मग विमानाचं तिकीट, हॉटेलची खोली, आणि खोलीत शिरल्यापासून घाई. कागद पुढे केले, वाचायला वेळ दिला नाही, आणि त्या कागदांत साइटचं नाव कुठेच नव्हतं. काही जणींना आधी दारू किंवा गांजा दिलेला. कॅमेऱ्याचं सामान दारातच लावलेलं, बाहेर पडायचं तर ते ओलांडून जायचं. नको म्हटलं की परतीचं तिकीट कॅन्सल करू, तुझ्यावर केस टाकू. अर्धा तास सांगून कित्येक तास शूट, आणि शेवटी अंगावर डाग आहेत वगैरे कारणं काढून ठरल्यापेक्षा कमी पैसे. तुझं ३० चं १२ झालं, तसंच. काही आठवड्यांत व्हिडिओ नेटवर, आणि लिंक त्या मुलीच्या कॉलेजात, नातेवाइकांत, नावासकट.

२०१६ मध्ये त्यातल्या काही जणी कोर्टात गेल्या, मग एकेक करत २२ झाल्या. समोरच्यांचा बचाव काय होता? सही केलीय, वय १८ च्या वर आहे, कॅमेऱ्यासमोर हो म्हटलंय. २ जानेवारी २०२० ला न्यायाधीश केव्हिन एनराइट यांनी निकाल दिला, त्यात जवळपास १ कोटी २७ लाख डॉलर भरपाई होती, सह्यांचे ते सगळे कागद बिनकामाचे ठरवले आणि व्हिडिओंचे हक्क मुलींना दिले. सही प्रत्येकीची होती गं. पण खोटं सांगून, घाई करून, दार अडवून घेतलेली सही म्हणजे संमती नाही असं कोर्टाने म्हटलं. फौजदारी केस वेगळी चालली, त्यात मुलींना आणणारा आणि व्हिडिओत काम करणारा रुबेन गार्सिया याला २० वर्षं, वुल्फला १४ वर्षं. प्रॅट पळून गेला होता, २०२२ मध्ये एफबीआयच्या दहा मोस्ट वाँटेडच्या यादीत त्याचं नाव आलं, त्याच वर्षी डिसेंबरात माद्रिदमध्ये सापडला आणि सप्टेंबर २०२५ मध्ये त्याला २७ वर्षांची शिक्षा झाली.

एवढं लांबण लावून का सांगितलं, तर तुला वाटतंय की मी गावाकडची, मला इंग्रजी वाचता येत नाही, म्हणून फसले. त्या मुली तिथल्याच होत्या, इंग्रजी त्यांचीच भाषा, कॉलेजात शिकणाऱ्या, आणि अशा शेकडो जणींना याच पायऱ्यांवरून नेलं. आपल्या मुंबईतही फेब्रुवारी २०२१ मध्ये मढच्या एका बंगल्यावर क्राइम ब्रँचने छापा घातला तेव्हा पोलिसांनी हेच सांगितलं होतं, वेब सिरीजचं काम म्हणून नवख्या मुलींना बोलवायचं आणि सेटवर गेल्यावर वेगळंच करायला लावायचं. त्यात दोषी कोण ते कोर्ट ठरवेल, पण पद्धत तुझ्या ओळखीची आहे बघ.

आता तो पाच लाखांचा कागद. अशी एग्रीमेंटं मी पाहिलीयत, पाचशेचा स्टँप पेपर, बारीक इंग्रजी, प्रत्येक पानावर सही, मागे आधारची झेरॉक्स पिनअप केलेली. नोटरीचा शिक्का बघूनच पोरी गार पडतात. पण आपल्या करार कायद्याचं कलम २३ सांगतं की ज्या कराराचा उद्देशच बेकायदा आहे तो करार मुळात रद्द. आणि असे व्हिडिओ ऑनलाइन टाकणं हा आयटी कायद्याच्या कलम ६७अ खाली गुन्हा आहे, पहिल्यांदा सापडला तरी पाच वर्षांपर्यंत कैद आणि दहा लाखांपर्यंत दंड. म्हणजे त्या कागदावर पैसे मागायला तो कोर्टात गेला तर स्वतःच्या गुन्ह्याचा पुरावा घेऊनच जाणार, म्हणून तर तो कोर्टाचं नाव फक्त फोनवर घेतो. वर "लिंक पाठवतो" ही धमकी देऊन काही करायला लावणं वेगळा गुन्हा. नोकरी-कामाचं खोटं आमिष दाखवून शरीरसंबंध ठेवणं यासाठी भारतीय न्याय संहितेत कलम ६९ आहे, दहा वर्षांपर्यंत शिक्षा आहे. तुझ्यावर जबरदस्ती झाली असेल तर त्याहून गंभीर कलम लागतं. कुठलं काय लागेल ते वकील बघेल, आणि तुझ्यावरच उलटं काही येईल का ही भीती असेल तर ती पण वकिलालाच पहिल्यांदा विचार, स्टेशनला जायच्या आधी. वकिलाला पैसे कुठून आणू म्हणशील, तर कायदेशीर मदतीच्या कायद्यात बाईला फुकट वकील मिळायचा हक्क आहे, कमाई कितीही असो. प्रत्येक जिल्हा कोर्टात विधी सेवा प्राधिकरणाचं ऑफिस असतं, फोन १५१००.

पोलिसांचं खरं सांगते, गोड करून नाही सांगत. एका मुलीबरोबर मी स्टेशनला गेले होते, कुठलं ते राहू दे. तिच्या मांडीवर प्लॅस्टिकची फाइल होती आणि ती तिची चेन उघडत होती, लावत होती, उघडत होती. समोरच्याचा पहिला प्रश्न, "मग गेलीसच कशाला?" ती गप्पच झाली. मी म्हटलं, बाई अधिकारी बोलवा, जबाब त्या घेतील, कायद्यात तसंच आहे. दोन तास बाकावर बसलो. मग एक मॅडम आल्या, त्यांनी दार लावलं, पंखा वाढवला आणि पाणी दिलं, आणि मुलगी बोलायला लागली ती थांबेचना, खोलीत एसी किती थंड होता, टॉवेल मागितला तर कोणी दिला नाही, स्वतःची ओढणी कशी मुठीत धरून बसली होती. एफआयआर झाली तेव्हा रात्र झाली होती. बाहेर आल्यावर तिने दोन वडापाव खाल्ले, मला म्हणाली दोन दिवसांनी काहीतरी खातेय. म्हणून म्हणते, एकटी जाऊ नकोस, रूममेटला ने, वकिलाला ने, आणि "आमच्या हद्दीत येत नाही" म्हणाले तर झिरो एफआयआर म्हण, ती कुठल्याही स्टेशनला घ्यावी लागते.

तोवर चॅट डिलीट करू नकोस, किती घाण वाटली तरी. त्याला ब्लॉक करायच्या आधी नंबर, मेसेज, व्हॉइस नोट, बाराशे-पंधराशे जे काही यूपीआय व्यवहार असतील ते सगळं सेव्ह कर, टेलिग्रामवर चॅनलचं नाव आणि लिंक दिसेल असे तारखेसकट स्क्रीनशॉट घे. सायबर क्राइमच्या सरकारी पोर्टलवर महिलांविरुद्धच्या गुन्ह्यांची तक्रार नाव न देताही करता येते, पण नाव देऊन केलीस तर पाठपुरावा करता येतो.

प्रश्न : मी कराडजवळच्या गावात शेती करतो. मुलगी २१ वर्षांची, पुण्यात शिकते. भावकीतल्या एकाने मला व्हिडिओ पाठवला आणि खाली लिहिलं, बघा तुमची पोरगी काय करते. मी पूर्ण पाहिला नाही. ती घरी आलीय, खोलीतून बाहेर येत नाही, तिला कोणीतरी मॉडेलिंगचं सांगून नेलं होतं एवढंच बोलली. तिची आई म्हणते शिक्षण बंद, पुढच्या महिन्यात लग्न लावून टाकू. मला काही सुचत नाही.

उत्तर : दादा, तुम्ही व्हिडिओ पूर्ण पाहिला नाहीत हे फार चांगलं केलंत, ते तिला सांगा. दाराबाहेरूनच सांगितलंत तरी चालेल, की मी तो बघितलेला नाही, बघणार नाही, आणि तू माझी पोरगी आहेस. बाकी भाषण नको. जेवण झालं का एवढं विचारा.

आज रात्रीचं एक काम म्हणजे घरात फवारणीचं औषध, उंदराचं औषध, झोपेच्या गोळ्या जे असेल ते कुलपात. मी घाबरवत नाहीये, पण या मुली त्या पहिल्या काही दिवसांत फार एकट्या पडलेल्या असतात. सरकारची टेलिमानस हेल्पलाइन आहे, १४४१६, मराठीत बोलतात, तिला नको असेल तर तुम्ही बोला. तिचा मोबाइल काढून घेऊ नका, त्यात पुरावा आहे आणि तिच्या मैत्रिणी पण त्यातच आहेत.

भावकीतल्या त्या माणसाला एकच निरोप द्या की हे पुढे पाठवणं गुन्हा आहे, तू पाठवलेला मेसेज माझ्याकडे तारीख-वेळेसकट आहे. खरंच आहे ते, कलम ६७अ व्हिडिओ बनवणाऱ्यापुरतं नाही, पसरवणाऱ्यालाही लागतं. लोकांना वाटतं फॉरवर्ड केलं म्हणजे आपलं काय जातं. आणि तुम्हीही तो "पुरावा म्हणून" मेव्हण्याला, वकिलाला, कोणालाही पाठवू नका, फोनमध्ये आहे तसा राहू द्या.

आता व्हिडिओ काढायचं. २०२१ च्या आयटी नियमांनी कंपन्यांना बंधन घातलं की एखाद्या व्यक्तीचे नग्न किंवा लैंगिक फोटो-व्हिडिओ असल्याची तक्रार तिने स्वतः किंवा तिच्या वतीने कोणीही केली तर २४ तासांच्या आत हटवायचे, २०२६ मध्ये ही मुदत आणखी कमी केलीय. "तिच्या वतीने कोणीही" हे शब्द महत्त्वाचे आहेत, म्हणजे बाप म्हणून तुम्ही करू शकता. प्रत्येक ॲपवर तक्रार अधिकारी असतो, त्याला लिंकसकट लिहायचं. गुगलच्या सर्चमधून असे निकाल काढायचा फॉर्म वेगळा आहे, तो पण भरा. आणि स्टॉप एनसीआयआय नावाची एक फुकट सोय आहे, डिसेंबर २०२१ पासून सुरू आहे, १८ वर्षांवरच्यांसाठी. तिथे व्हिडिओ अपलोड करायचा नसतो, हे मुलीला आधी समजावून सांगा कारण त्याच भीतीने कोणी तिकडे जात नाही. व्हिडिओ तुमच्याच फोनमध्ये राहतो, त्याचा फक्त एक आकडेवजा ठसा तयार होतो आणि तो ठसा फेसबुक, इन्स्टाग्राम, पॉर्नहब अशा सामील कंपन्यांकडे जातो, जुळणारा व्हिडिओ आला की अडवता येतो. खासगी मेसेजमध्ये फिरतंय ते यातून थांबत नाही, त्याला पोलीसच लागतात. साताऱ्याला सखी वन स्टॉप सेंटरमध्ये जा, समुपदेशन आणि वकील एकाच ठिकाणी मिळतं.

लग्नाचं म्हणाल तर वहिनींशी मला स्वतः बोलायचंय, पत्रात माझा नंबर दिलाय. एवढंच लिहिते की लग्न लावल्याने व्हिडिओ नेटवरून जात नाही, उलट ज्याच्या घरी ती जाईल तिथे तो उद्या पोचला तर तिच्या बाजूने उभं राहणारं तिथे कोणी नसेल. कॉलेजमधून एक टर्म सुट्टी घेता येते, तेवढं करा.

प्रश्न : मी २४, हिंजवडीत आयटीत आहे. खरं सांगतो, मी पॉर्न बघतो, सगळेच बघतात. तिथल्या मुली ॲडल्ट आहेत, स्वतःच्या मर्जीने करतात, लाखो कमावतात. यात शोषण कुठून आलं?

उत्तर : प्रामाणिकपणे लिहिलंस, मी पण तसंच उत्तर देते. स्वतःच्या मर्जीने हे काम करणाऱ्या आहेत, त्यांतल्या काही जणी तसं जाहीरपणे सांगतात, त्यांना मी नावं ठेवणार नाही. पण स्क्रीनवर बघून तुला कोण कुठली हे कळतं का रे? सॅन डिएगोच्या त्या व्हिडिओंत मुली हसत होत्या, कॅमेऱ्यासमोर आपलं वय सांगत होत्या, सगळं मर्जीचं दिसत होतं. कोट्यवधी लोकांनी ते "मर्जीचं" म्हणूनच बघितलं. दारात लावलेला कॅमेऱ्याचा स्टँड फ्रेममध्ये येत नाही.

लाखोंचं पण बघ. पॉर्नमध्ये काम केलेल्या मिया खलिफाचं नाव तुला माहीत असणारच. तिने ते काम जेमतेम तीन महिने केलं, २१ वर्षांची होती, आणि २०१९ मध्ये तिने स्वतः सांगितलं की त्या सगळ्याचे मिळून तिला सुमारे १२ हजार डॉलर मिळाले. हिजाब घालून केलेल्या एका व्हिडिओमुळे जिवे मारायच्या धमक्या आल्या. ते व्हिडिओ अजून चालतायत, त्यातला पैसा तिला नाही, कारण या धंद्यात बहुतेक वेळा एका शूटचे एकदाच पैसे देतात आणि हक्क कायमचे लिहून घेतात. पुढे कितीही वेळा बघितलं गेलं तरी तिला शून्य. नवी आलेली १८-१९ ची मुलगी काही महिने "नवीन चेहरा" असते, मग कामं कमी होतात, आणि जे आधी नाही म्हटलेलं असतं त्याला हो म्हटलं तरच फोन येतो. राहायला दिलेल्या घराचं भाडं, एजंटचं कमिशन, दर १४ दिवसांनी लागणारी रक्ततपासणी, हे तिच्याच पैशातून.

आणि साइटवाले? डिसेंबर २०२० मध्ये न्यूयॉर्क टाइम्समध्ये लेख आला की पॉर्नहबवर अल्पवयीन मुलींचे, बलात्काराचे व्हिडिओ पडून आहेत, व्हिसा-मास्टरकार्डने हात काढून घेतला, तेव्हा कुठे त्यांनी ज्यांची ओळख तपासलेली नाही असे व्हिडिओ उडवले, ते एकूण साठ्याच्या निम्म्याहून जास्त निघाले. म्हणजे तोवर जे चालत होतं त्यातलं कोण कुठून आलं हे त्यांनाच माहीत नव्हतं. पुढे डिसेंबर २०२३ मध्ये त्यांच्या मूळ कंपनीने अमेरिकन सरकारशी तडजोड केली, सॅन डिएगोवाल्यांकडून आपल्याला पैसे मिळाले हे कबूल केलं आणि १८ लाख डॉलरहून जास्त रक्कम भरली.

तू काय कर हे मी सांगणार नाही. पण "लीक", "हिडन", "देसी एमएमएस" असं लिहिलेलं काही उघडतोस ना, तिथे तर मर्जीचा प्रश्नच नाही, त्या शब्दातच लिहिलंय की तिला माहीत नव्हतं. ते पहिलं बंद कर. ग्रुपवर आलं तर पुढे नको पाठवूस आणि कोणी पाठवलं तर तिथेच बोल.

प्रश्न : मी मुलगा आहे, २२, नागपूर. जिम करतो. "मेल मॉडेल पाहिजे" जाहिरात बघून १५ हजार रजिस्ट्रेशन भरलं, हॉटेलवर व्हिडिओ शूट केला, आता तोच व्हिडिओ दाखवून पैसे मागतायत. मुलगा असून कोणाला सांगू?

उत्तर : मला सांगितलंस ना, आता पोलिसांना सांग. मुलग्यांची पत्रं वाढलीयत आणि ते मुलींपेक्षा उशिरा बोलतात, तोवर कर्ज काढून पैसे भरलेले असतात. काही कलमं फक्त स्त्रियांसाठी आहेत, ६९ त्यातलंच, पण न्याय संहितेतलं खंडणीचं ३०८, आयटी कायद्याचं ६६ई आणि ६७अ यात मुलगा-मुलगी भेद नाही. पैसे गेलेत तर १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर लगेच फोन कर, जितका लवकर तितकी रक्कम अडवायची शक्यता जास्त. घरी कोणाला तरी सांगच. वडिलांना जमत नसेल तर मोठ्या बहिणीला सांग, माझा अनुभव आहे की बहिणी पटकन उभ्या राहतात.

प्रश्न : १९ वर्षांची आहे, ठाणे. मैत्रीण सबस्क्रिप्शनवाल्या साइटवर फोटो टाकून कमावते. कोणी हात लावत नाही, स्वतःचा फोन, स्वतःचं घर. हे तरी सेफ ना?

उत्तर : सेटवरच्यापेक्षा ताबा तुझ्याकडे जास्त, हे खरं. पण ओन्लीफॅन्ससारखी साइट २० टक्के कापते, त्यावर "मॅनेजमेंट" करणारे एजंट येतात, ते अकाउंटचा पासवर्ड मागतात, तुझ्या नावाने गिऱ्हाइकाशी चॅट करायला माणसं बसवतात, आणि मग तू काय टाकायचं ते तेच ठरवतात. कमाईचे स्क्रीनशॉट फिरतात ते वरच्या थोड्या जणींचे. स्क्रीन रेकॉर्डिंग तर कोणीही करतं, एकदा गेलेलं परत येत नाही. आणि मुख्य म्हणजे भारतात बसून असं काही टाकणं ६७अ मध्ये येऊ शकतं, म्हणजे उद्या कोणी ब्लॅकमेल केलं तर पोलिसांकडे जायला तूच घाबरशील. ब्लॅकमेल करणाऱ्याला हे पक्कं माहीत असतं. मैत्रिणीला तोडू नकोस मात्र, तिला कधीतरी तुझी गरज लागेल.

प्रश्न : मी इचलकरंजीत शिक्षक आहे. सरकार सरळ बंदी का घालत नाही?

उत्तर : सर, घातली होती की. ऑगस्ट २०१५ मध्ये ८५७ साइट ब्लॉक केल्या आणि काही दिवसांत त्यातल्या बऱ्याच खुल्या झाल्या, २०१८ मध्ये उत्तराखंड हायकोर्टाच्या आदेशानंतर पुन्हा ८२७. तुमच्या दहावीच्या वर्गाला विचारा, बंद झालं का ते. साइट बंद झाली तरी त्या खोलीतल्या मुलीपर्यंत बंदी पोचत नाही, हा माझा मुद्दा.

जपानचं बघा. तिथे एप्रिल २०२२ मध्ये सज्ञान व्हायचं वय २० वरून १८ केलं, आणि लोकांच्या लक्षात आलं की आतापर्यंत १८-१९ च्या मुलीला आईवडिलांच्या संमतीशिवाय केलेला करार रद्द करता यायचा, तो आधार गेला. संघटनांनी ओरड केली आणि जूनमध्ये नवा कायदा आला, सगळ्या वयांसाठी. करार झाल्यापासून एक महिना शूट करायचं नाही. शूट संपल्यापासून चार महिने व्हिडिओ बाहेर काढायचा नाही. बाहेर आल्यावरही एक वर्षापर्यंत कारण न देता करार रद्द करता येतो, सुरुवातीची दोन वर्षं तर ही मुदत दोन वर्षांची होती, आणि रद्द केल्याबद्दल भरपाई मागता येत नाही. तिथल्या काही कलाकारांनी यामुळे कामं बुडतात म्हणून विरोधही केला, तो पण मी वाचलाय. तरी मला हा कायदा पटतो, कारण तो नेमका त्या घाईवर बोट ठेवतो. पहिल्या पत्रातल्या मुलीला एक महिना मिळाला असता तर ती त्या शूटला गेलीच नसती. आपल्याकडे हे काम मुळातच बेकायदा, त्यामुळे असा कायदा इथे जसाच्या तसा येणार नाही, पण साध्या ॲक्टिंगच्या, मॉडेलिंगच्या करारांना तरी थांबायची मुदत आणि मराठी-हिंदीतली प्रत सक्तीची करता येईल ना? तुम्ही वर्गात एवढं सांगा की जो माणूस कागद घरी न्यायला देत नाही, त्याच्या कागदावर सही करायची नाही.

प्रश्न : माझी रूममेट दोन-तीन दिवस "शूट"ला जाऊन येते, आल्यावर तासभर आंघोळ करते, कोणाशी बोलत नाही. मागच्या आठवड्यात तिच्या हातावर वळ दिसले. मी विचारू का? तिला राग आला तर?

उत्तर : विचार, पण "कुठलं शूट होतं" असं नको विचारूस, त्याचं उत्तर ती खोटंच देणार आणि मग ते खोटं तिला सांभाळत बसावं लागणार. हातावर लागलंय, दुखतंय का, एवढं विचार. रागावली तर रागावू दे, दुसऱ्या दिवशी चहा ठेवताना दोन कप ठेव. तिला सांगून ठेव की बाहेर जाताना लाइव्ह लोकेशन मला टाकत जा, आणि दोघींचा एक साधा शब्द ठरवा, "दूध आणू का" असा काहीतरी, तो मेसेज आला की तू काही न विचारता फोन करायचा आणि घरी अर्जंट काम आहे म्हणायचं. मार लागला असेल तर सरकारी हॉस्पिटलमध्ये नोंद करून घे, वळ चार दिवसांत जातात. पोलिसांचा ११२ आणि महिला हेल्पलाइनचा १८१ तिच्या फोनमध्ये सेव्ह करून दे, तिच्याच हाताने करू दे. आणि ती ज्या रात्री बोलायला लागेल त्या रात्री तुझी सकाळची शिफ्ट असली तरी झोपू नकोस.